सोलापूरच्या माळरानासाठी पहिली ट्रेल बाइक : हलकी टू-स्ट्रोक की जड फोर-स्ट्रोक?

माझ्याकडे आधी यामाहाची जुनी टू-स्ट्रोक आरएक्स १३५ होती, आता हिरोची फोर-स्ट्रोक एक्सपल्स २०० आहे. पहिली गाडी मी आवाजावर भाळून घेतली आणि दुसरी पहिलीच्या रागाने. दोन्ही वेळा जे आधी बघायला हवं होतं ते पैसे देऊन झाल्यावर कळलं. हल्ली सोलापूरच्या सात रस्ता चौकात चहा घेताना कुणीतरी नवीन पोरगा विचारतोच, "दादा, ट्रेलला, म्हणजे कच्च्या वाटांना, कुठली घेऊ?" उभ्याउभ्या पाच मिनिटांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

माझं मत आधीच सांगतो. पहिलीच गाडी असेल आणि तीच गाडी कामावरही न्यायची असेल, तर १५० ते २०० सीसीची फोर-स्ट्रोक घ्या (दोन इंजिनांतला फरक दुसऱ्या भागात सांगतो). टू-स्ट्रोक घ्यावी ती ज्याच्या ओळखीत खरा जाणकार मिस्त्री आहे, घरात दुसरी गाडी आहे आणि स्वतःचे हात काळे करायची तयारी आहे त्याने. या तीनपैकी एक जरी नसेल तरी टू-स्ट्रोक वर्षातले सहा महिने दारात उभी राहते.

१. आधी जमीन बघा

आपण म्हणतो "माळावर गाडी चालवायची", पण आपल्याकडची जमीन एका जातीची नाही.

शहरातून बाहेर पडलं की मुरमाड माळ लागतो. वर सुटे खडे, खाली कडक थर. ब्रेक जोरात दाबला की चाक घसरतं आणि चढावर ॲक्सिलरेटर एकदम पिळला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. इथे हळू आणि एकसारखी ओढ देणारं इंजिन लागतं. फोर-स्ट्रोक इथे सोपी जाते.

मंगळवेढ्याकडे किंवा सीना नदीच्या काठाला गेलात की काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा, आणि पाऊस पडून गेला की तीच माती टायरला गुंडाळत जाते. टायर आणि मडगार्डच्या मध्ये चिखल इतका घट्ट बसतो की चाक फिरायचं थांबतं. दोन वर्षांपूर्वी जुलैत मी एक्सपल्स घेऊन अशा एका पाणंदीत शिरलो. तीनशे मीटर पार करायला पाऊण तास लागला. दर वीस पावलांनी उतरायचं, काडीने चिखल काढायचा, पुन्हा ढकलायचं. त्या दिवशी शंभर किलोची गाडी आणि दीडशे किलोची गाडी यातला फरक मला दंडांत आणि कमरेत कळला. काळ्या मातीत हलकी गाडी जिंकते, पण खरं शहाणपण म्हणजे पाऊस पडल्यावर दोन-तीन दिवस काळ्या रानात जायचंच नाही. त्या दिवसांत मुरमावर चालवा.

तिसरी गोष्ट म्हणजे चाकोरी. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या शिवारातल्या कच्च्या रस्त्यांना खोल चाकोऱ्या पाडतात. त्या वाळल्या की सिमेंटसारख्या होतात. पुढचं चाक त्यात अडकलं की हँडल तुमचं ऐकत नाही. २१ इंची पुढचं चाक आणि जमिनीपासून बऱ्यापैकी उंच इंजिन असेल तर त्यातून निभावतं. शहरातली १०० सीसीची गाडी नुसतं नक्षीदार टायर लावून तिथे नेली की इंजिनखाली दणके बसतात.

आणि तुळजापूरकडे बालाघाटाचा डोंगर चढलात की दगड. तिथे इंजिनापेक्षा सस्पेन्शन महत्त्वाचं.

कागद घ्या आणि गेल्या महिन्यात तुम्ही खरोखर कुठे गेला असतात ते लिहा. बहुतेकांच्या यादीत सत्तर टक्के डांबर निघतं.

२. दोन इंजिनांतला फरक, कामापुरता

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. म्हणून तेवढ्याच सीसीत टू-स्ट्रोक जास्त ताकद काढते. १९८५ साली आलेली यामाहाची आरएक्स १०० ही ९८ सीसीची गाडी ११ हॉर्सपॉवरच्या आसपास देत होती. त्याच काळातली हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० सात-साडेसातच्या घरात होती. शिवाय टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. भाग कमी म्हणून वजन कमी, आणि खोलून पुन्हा बसवायलाही सोपी.

पण ही ताकद खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, सापडत नाही. सायलेन्सरचा फुगीर आकार आणि पोर्टची (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांची) उंची एका ठरावीक वेगाला जुळतात, तिथे गाडी अचानक उसळते. ज्याला क्लच बोटावर खेळवता येतो त्याला याच्यासारखी मजा नाही. नवख्याला मात्र सुट्या खड्यांच्या चढावर हीच उसळी पाडते.

दुसरा फरक उतारावरचा. फोर-स्ट्रोक गिअरमध्ये सोडली की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. टू-स्ट्रोक फारसं धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. आणि यातच एक मोठा धोका आहे. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलबरोबर आत जातं. ॲक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद, म्हणजे ऑइलही बंद. लांब उतारावर गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण सोडून गाडी पळवत राहिलात तर इंजिन वेगाने फिरतंय आणि पिस्टन कोरडा, अशी अवस्था येते. मी तुळजापूरचा घाट उतरताना हेच केलं. वर येताना गाडी तापवली होती, उतरताना मूठ सोडून दिली. अर्ध्यावर मागचं चाक एकदम बांधल्यासारखं झालं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. पिस्टनला उभे चरे पडले होते आणि सिलिंडरची बोअर (आतली भिंत) पुन्हा करून घ्यावी लागली.

उतारावर टू-स्ट्रोक असेल तर मधूनमधून मूठ थोडी पिळत राहा. आणि टू-स्ट्रोक चालवताना डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

३. वजन कागदावर वाचू नका, उचलून बघा

आरएक्स १०० किंवा १३५ साधारण शंभर किलोची. हिरो इम्पल्स १३४ किलो. कावासाकी केएलएक्स २३० एकशे चाळीसच्या आत. एक्सपल्स २०० फोरव्ही १५८ च्या आसपास. रॉयल एनफिल्डची नवी हिमालयन ४५० ही १९६. शर्यतीच्या खास टू-स्ट्रोक शंभरच्या मागेपुढे असतात. आणि फोर-स्ट्रोक म्हणजे जडच असंही नाही. केटीएमची ३५० ईएक्ससी-एफ फोर-स्ट्रोक असूनही शंभर किलोच्या थोडी वर आहे, फक्त तिची किंमत दहा लाखांच्या पुढे जाते आणि तिची सर्व्हिस किलोमीटरऐवजी तासांत मोजतात.

आकडे सांगून कुणाला पटत नाही, म्हणून मी एकच परीक्षा घ्यायला लावतो. मित्राची एक्सपल्स मागून घ्या, मऊ मातीवर दोन पोत्यांवर आडवी करा आणि एकट्याने उचला. एकदा उचलणं सगळ्यांना जमतं. सलग चार वेळा उचला. चौथ्या वेळी जी दमछाक होते ती मे महिन्यात ४२ अंशांत, घरापासून तीस किलोमीटरवर होणार आहे, हे धरून चाला.

उचलायची रीत : आधी इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधी उघडून ठेवा आणि गिअर टाकून ठेवा. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून बसा, एक हात हँडलला आणि दुसरा मागच्या ग्रॅबरेलला, आणि पायांच्या जोरावर मागे सरकत उठा. कमरेतून वाकून उचलाल तर महिनाभर अंथरुणावर पडाल.

उंचीही बघा. एक्सपल्स २०० ची सीट ८२५ मिलिमीटरच्या आसपास आहे, तिच्याच प्रो मॉडेलची ८९१. कागदावर दोन-अडीच इंचांचा फरक दिसतो, पण साडेपाच फुटांच्या माणसाला उतरत्या जागी पाय टेकता येतो की नाही तो याच अंतरावर ठरतो.

४. बाजारात खरोखर काय मिळतं

इंटरनेटवर परदेशातल्या १२५ आणि २५० सीसीच्या टू-स्ट्रोक बघून डोकं फिरतं. आपल्याकडे रस्त्यावर चालणारी नवी टू-स्ट्रोक मोटारसायकल शोरूममध्ये मिळत नाही, प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा त्या बंद झाल्या. केटीएमच्या एसएक्स मालिकेतल्या लहान टू-स्ट्रोक किंवा कावासाकीच्या लहान केएक्स या गाड्या विकत मिळतात, पण त्यांचं पासिंग होत नाही. घरापासून माळापर्यंत त्या छोट्या हत्तीत किंवा पिकअपमध्ये न्याव्या लागतात. तो खर्च आणि एक जोडीदार दरवेळी हवा.

म्हणजे सोलापूरकराला हलकी टू-स्ट्रोक म्हणजे जुनी आरएक्स किंवा सुझुकीची शोगन, सामुराई असंच काहीतरी. या रस्त्याच्या गाड्या आहेत. त्यांचं सस्पेन्शन आखूड, मडगार्ड टायरला चिकटून. ट्रेलसाठी त्यावर काम करावं लागतं आणि त्या कामाला कायद्याची मर्यादा आहे. त्यातून आरएक्सचे भाव आता मूळ किमतीच्या कितीतरी पट झालेत आणि त्यात बराचसा भाग हौसेचा आहे, लोखंडाचा कमी.

फोर-स्ट्रोकमध्ये जुनी इम्पल्स अजून सापडते. तिची चेसी आणि सस्पेन्शन या कामासाठी उत्तम, ताकद बेताची, सुटे भाग शोधावे लागतात. एक्सपल्स २०१९ पासून आहे, त्यामुळे वापरलेल्या गाड्या आता भरपूर. माझ्या मते नवख्याच्या पैशाला सगळ्यात जास्त मोल तिथेच मिळतं.

५. तरीही टू-स्ट्रोकच घ्यायची असेल तर

मला हा हट्ट कळतो. पहाटे थंड हवेत आरएक्स किक मारून उठते तेव्हाचा तो टणटणीत आवाज मी अजून विसरलेलो नाही. पण तिचं खाणंपिणं नीट शिका.

ऑइल. पेट्रोलमध्ये हाताने मिसळायचं असेल तर १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:४० म्हणजे २५, १:२५ म्हणजे ४०. कुठलं प्रमाण घ्यायचं ते ऑइलच्या डब्यावर आणि तुमच्या मिस्त्रीच्या सल्ल्यावर ठरवा. मी उन्हाळ्यात ३० मिली टाकत होतो. अंदाजाने ओतू नका. औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण खिशात ठेवा. "जास्त टाकलेलं बरं" हा समज पूर्ण खरा नाही. कार्बोरेटरच्या जेटमधून (इंधन सोडणाऱ्या बारीक भोकातून) जाणाऱ्या थेंबात ऑइल वाढलं की पेट्रोल कमी होतं, मिश्रण पातळ पडतं म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि प्लगवर काजळी धरते ती वेगळी.

पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजेच त्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. जुन्या कार्बोरेटरला हे समजत नाही, जेट तेवढाच राहतो आणि गाडी पातळ चालते. पातळ म्हणजे गरम, आणि गरम म्हणजे जाम. मिस्त्रीकडून मेन जेट एक माप मोठा टाकून बघा. प्लग काढून रंग तपासा : चॉकलेटी चांगला, पांढरट असेल तर थांबा, ओला काळा असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त. जुने रबरी पाइप आणि टाकीतला गंजही तपासा. गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

ऊन. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हवा लागते. सुट्या चढावर पहिल्या गिअरमध्ये धुमसत राहिलात तर ती मिळत नाही. मार्च ते जून सकाळी सहा ते नऊ, नंतर घरी. हे फोर-स्ट्रोकलाही लागू आहे, पण ती जास्त सहन करते.

टू-स्ट्रोकची एक बाजू मात्र मोलाची आहे. ओढ्यात गाडी पडून इंजिनात पाणी गेलं तर प्लग काढायचा, पेट्रोलचा कॉक बंद करायचा, गाडी कलती धरून किक मारत पाणी बाहेर काढायचं, प्लग पुसून लावायचा. बऱ्याचदा अर्ध्या तासात चालू होते. फोर-स्ट्रोकच्या ऑइलमध्ये पाणी गेलं आणि ते दुधासारखं झालं तर ऑइल बदलल्याशिवाय चालू करू नका.

६. जुनी गाडी बघायला जाताना

सकाळी जा आणि आदल्या दिवशी फोनवर सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. हात लावून इंजिन गार आहे याची खात्री करा. आमचे मिस्त्री चाचा एवढंच म्हणतात, "आधी गार इंजिनाचा आवाज ऐक, मग किंमत विचार."

टू-स्ट्रोकला किक हळू दाबा. मध्ये स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. सहज खाली गेली तर बोअर-पिस्टन गेलेत. सुरुवातीला निळसर धूर येणारच. पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर गिअरचं ऑइल कमी होतंय का विचारा. क्रँकचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून जाळतं. मॅग्नेटचं (क्रँकच्या टोकाला बसवलेल्या चाकाचं) कव्हर उघडू देत असतील तर मॅग्नेट धरून वर-खाली हलवा. खेळ असेल तर क्रँकचं काम निघालं.

फोर-स्ट्रोक ट्रेल गाडी असेल तर आधी खाली झोपून पोट बघा. सम्प गार्डवरचे (इंजिनाखालच्या पत्र्यावरचे) दणके गाडीचा खरा इतिहास सांगतात. हँडल सरळ धरून चालवल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, कोनसेटमध्ये (हँडलच्या बेअरिंगमध्ये) खाच लागते का, फोर्कला ऑइल पाझरतंय का, रिम कुठे चपटी झाली आहे का. चाक फिरवत प्रत्येक स्पोकवर पान्याने टिचकी मारा. ढिल्या स्पोकचा आवाज बद्द येतो. चेसीच्या मानेजवळ नवा रंग दिसला तर वेल्डिंगची शंका घ्या.

७. कागद : इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

माझ्या आरएक्सचा विकणारा म्हणाला होता, "आठ दिवसांत नावावर करून देतो." आठ दिवसांचे सात महिने झाले, कारण गाडीची मुदत संपली होती आणि मूळ मालक वारला होता. पैसे पूर्ण देऊन बसलो होतो. तेव्हापासून मी सांगतो : कागद हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी तपासून पुन्हा पासिंग करावं लागतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. आरएक्सच्या बाबतीत हे प्रत्येक गाडीला लागू आहे, कारण सगळ्याच जुन्या. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून मुदत, विमा, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलनं आधी बघा.

आपण सीमेवर आहोत म्हणून कर्नाटकातल्या केए-२८ (विजापूर) आणि केए-३२ (कलबुर्गी) च्या स्वस्त गाड्या नेहमी दिसतात. तिकडची एनओसी (ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८ हवा, आणि इथला कर भरून एमएच-१३ चा नंबर घ्यावा लागतो. हे सगळं धरून किंमत काढा, मग स्वस्त वाटते का बघा.

बरोबर ठेवायचे कागद :
- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, विकणाऱ्याच्या सहीसह
- कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५
- दोघांचं आधार आणि पॅन, तुमचा पत्त्याचा पुरावा, फोटो
- चेसी नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा, आरसीवरच्या नंबराशी स्वतः जुळवून

१ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही बघा. आणि गाडीची रचना आरसीतल्या नोंदीपेक्षा वेगळी करणं कायद्याला मान्य नाही. उघडा सायलेन्सर तर आधी पकडला जातो. टायर, हँडल आणि गार्ड एवढ्यावर पहिलं वर्ष आरामात निघतं.

८. गाडीआधी अंगावरचं

गाडीचं बजेट ठरवताना दहा-पंधरा हजार बाजूला काढा : आयएसआय खुणेचं हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे बूट, गुडघ्याचे गार्ड, हातमोजे. बूट टाळू नका. गाडी पायावर पडते तेव्हा कॅनव्हासचा बूट काही करत नाही.

पिशवीत : पुढची-मागची ट्यूब, दोन टायर लिव्हर, हातपंप, प्लग आणि प्लगपाना, क्लच केबल, चेनचं लॉक, तारेचा तुकडा. आपल्याकडे वेडी बाभूळ सगळीकडे आहे, तिचा काटा नव्या टायरलाही जुमानत नाही. ट्यूब बदलायला घरच्या अंगणात शिका. माळावर मी हवा थोडी कमी ठेवतो, पण २० पीएसआयच्या खाली जात नाही, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटते. परत डांबरावर आलो की पुन्हा भरतो.

एअर फिल्टर दर दोन फेऱ्यांनी उघडून बघा. आपली धूळ बारीक आहे, ती फिल्टरच्या कडेने आत शिरली तर बोअर घासून काढते.

९. कुठे चालवायची आणि कुठे नाही

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून संरक्षित आहे. लांबून ते साध्या गवताळ माळासारखं दिसतं, म्हणूनच हे सांगावं लागतं. तिथे गाडी घालायची नाही, कडेनेही नाही. बाहेरच्या माळावरसुद्धा टिटवी, धाविक, चंडोल असे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, त्यामुळे मळलेल्या गाडीवाटेनेच जा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी रानात ज्वारी असते. बांधावरून गाडी नेऊ नका, एका चाकाने बांध फुटतो आणि शेतकऱ्याचा पुढचा पावसाळा जातो. माळ कुणाच्या मालकीचा असेल तर आधी वस्तीवर जाऊन विचारा. मी विचारलं त्या बहुतेक ठिकाणी पाणी मिळालं, एकदा तर शेंगाचटणी आणि कडक भाकरीही. टू-स्ट्रोक असेल तर गुरांजवळून जाताना मूठ सोडा, बैल आवाजाला बुजतो. दगडखाणीत नवख्याने जाऊ नये, कडा कुठे संपते ते उतारावर कळत नाही आणि पावसाळ्यानंतर खाली पाणी असतं.

पहिली फेरी रविवारी सकाळी सहाला, दोघांनी, प्रत्येकी तीन लिटर पाणी घेऊन. घरात कुठल्या बाजूला जातोय ते गावाच्या नावासकट सांगून निघा. जाताना टाकीचा एक तृतीयांश संपला की वळायचं. शहरात परत शिरण्याआधी थांबून चेन, स्पोक आणि खालचे नट हाताने तपासा, कारण माळावर ढिला झालेला नट हायवेवर गळतो.